शुद्धिपत्र कुठे लावायचं?

आपल्या मंडळाच्या संकेतस्थळावर काही वर्षांपूर्वी माझं एक टिपण आलं होतं. बडोद्यातल्या एका पोळातला जुना वाडा, त्यातल्या देवघराच्या उंबऱ्यापाशी बसवलेला छोटा शिलालेख, त्याचं वाचन आणि त्या घराण्याची थोडी माहिती. चार पानांचा मजकूर, तीन छायाचित्रं. मंडळाच्या बैठकीत वाचलं, चहा झाला, संकेतस्थळावर चढलं आणि मी ते विसरून गेलो.

गेल्या वर्षी ते मला पुन्हा भेटलं, पण इंग्रजीत आणि दुसऱ्याच्या नावानं. मासिकाच्या मुखपृष्ठावर 'आंतरराष्ट्रीय', 'बहुविद्याशाखीय', 'तज्ज्ञपरीक्षित' अशी तिन्ही विशेषणं होती. त्याच अंकात परिचारिकांच्या प्रशिक्षणावर एक लेख होता, वस्तू व सेवा करावर एक, संतसाहित्यावर एक, खो-खोच्या खेळाडूंच्या फुप्फुसक्षमतेवर एक. त्या गर्दीत आमचा उंबरा.

माझंच टिपण आहे हे कसं ओळखलं? वाक्यं तर सगळी बदललेली होती. ओळखलं ते माझ्या चुकीवरून. माझी स्वतःची, घरची, अस्सल चूक तिथे जशीच्या तशी उतरली होती.

ती चूक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. शिलालेखात शके १७६१, विकारी नाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमी अशी मिती आहे आणि घराण्याच्या नावानं देवघराचा जीर्णोद्धार केल्याचं म्हटलं आहे. व्यक्तीचं नाव नाही. शकात ७८ मिळवले की इसवी सन निघतो, हे शाळेत शिकलेलं. मी मिळवले आणि १८३९ लिहून मोकळा झालो. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं. जानेवारी उलटून गेल्यावर येणाऱ्या तिथींना ७८ नव्हे, ७९ मिळवायचे असतात. माघातली ही पंचमी १८४० च्या फेब्रुवारीतली.

एका वर्षानं काय बिघडलं, असं कुणी म्हणेल. इथे बरंच बिघडलं. त्या घरातल्या मोडी कागदांत घराण्याचे त्या वेळचे कर्ते पुरुष मार्गशीर्ष शुद्धात, शके १७६१ मध्ये, म्हणजे १८३९ च्या डिसेंबरात वारल्याची नोंद आहे. दगड १८३९ च्या फेब्रुवारीतला धरला तर काम त्यांनी केलं. १८४० च्या फेब्रुवारीतला धरला तर ते जाऊन दोन महिने झाले होते. मुलं लहान होती आणि घरातला व्यवहार त्यांच्या पत्नीच्या हाती आला होता. तेव्हा दगड बसवला तो तिनं. दुसऱ्या सयाजीरावांच्या काळातल्या बडोद्यात नवरा गेल्यावर दोन महिन्यांत देवघराचं काम पुरं करून त्यावर मिती कोरून घेणारी बाई, हा त्या घराच्या इतिहासातला खरा मजकूर. माझ्या वजाबाकी-बेरजेनं ती बाई पुसली गेली होती.

त्या इंग्रजी लेखातही ती पुसलेलीच होती. वर एक वाक्य जादा होतं: प्रस्तुत संशोधकानं मागील वर्षी स्थळाला प्रत्यक्ष भेट देऊन लेखाचं वाचन केलं आहे. हे वाचून मला हसू आलं आणि रागही आला. त्या 'मागील वर्षा'च्या आधीच घरमालकांनी तळमजल्याची डागडुजी करून घेतली. उंबऱ्यापाशी आता ग्रॅनाइट आहे. दगड त्याच्याखाली आहे की कामगारांनी काढून टाकला, हे घरच्यांनाही नक्की सांगता येत नाही. आज त्या लेखाचा पुरावा म्हणजे आमच्याकडचा कागदी ठसा आणि ती तीन छायाचित्रं.

मासिकावर छापलेल्या मोबाइल क्रमांकावर मी फोन लावला. संपादकांनी, निदान ज्यांनी फोन उचलला त्यांनी, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, तुमचाही पेपर द्या ना. पुढच्या अंकात जागा आहे. आठ दिवसांत सर्टिफिकेटसकट मिळेल." मी पुन्हा सांगितलं की छापलेल्या लेखात चूक आहे, ती दुरुस्त करायची आहे. त्यावर ते जरा गोंधळले. म्हणाले, "अंक तर निघाला. आता दुरुस्ती कुठे करणार?"

हा प्रश्न त्यांनी सहज विचारला, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म त्यातच आहे. संशोधनाच्या प्रकाशनातली नीती म्हटली की आपण चोरीबद्दल बोलतो, पैशाबद्दल बोलतो. दोन्ही बोलायलाच हवं. पण नियतकालिक खरं की खोटं, याची माझ्यापुरती कसोटी आता एकच आहे. छापल्यानंतर चूक निघाली तर ती सांगायला जागा आहे का, ऐकायला माणूस आहे का, आणि दुरुस्ती मूळ लेखाइतकीच दिसेल अशी लागते का? उरलेली बिरुदं विकत मिळतात.

बिरुदांचंच घ्या. लेखकमंडळींचा सर्वांत मोठा भरवसा आयएसएसएनवर असतो. हा आठ अंकांचा क्रमांक आहे. शेवटचा अंक पडताळणीचा, म्हणून कधीकधी तिथे इंग्रजी एक्स दिसतो. जगभरच्या नियतकालिकांची सरमिसळ होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. तिचं मुख्य केंद्र पॅरिसला, आपलं राष्ट्रीय केंद्र दिल्लीला. मोटारीच्या नंबरप्लेटवरून गाडी कुणाची ते कळतं, चालवणाऱ्याला गाडी येते का ते कळत नाही. आयएसएसएनचंही तेच. दर्जाशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी आपल्याकडे तो दर्जाचा शिक्का झाला. त्याला कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी महाविद्यालयीन शिक्षकांच्या नेमणुकीसाठी आणि बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. त्यात परीक्षण न होणाऱ्या, पण आयएसएसएन असलेल्या नियतकालिकातल्या लेखालाही गुण होते. त्याआधीच, २००९ च्या नियमांनी, पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक लेख छापून येणं सक्तीचं केलं होतं. ही सक्ती २०२२ मध्ये उठली. मधल्या काळात किती लेख 'हवे' होते याचा हिशेब कुणीही करावा. मागणी आली की दुकान येतं.

दुकानं आली, आणि अशा दुकानदारांतलं एक मोठं नाव आपल्या शेजारच्या हैदराबादेतलं निघालं. ओमिक्स हा तिथला प्रकाशनसमूह शेकडो नियतकालिकं चालवत होता. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१६ मध्ये त्याच्यावर दावा लावला. लेखांचं परीक्षण होतं असा खोटा दावा करणं, नामांकित शास्त्रज्ञांची नावं त्यांच्या संमतीशिवाय संपादकमंडळात घालणं, शुल्काचा आकडा लेख स्वीकारल्यानंतर सांगणं, असे आक्षेप होते. २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयानं पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. त्यापूर्वी २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं 'सायन्स' साप्ताहिकासाठी एक प्रयोग केला होता. मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला औषधविषयक लेख त्यानं शुल्क घेणाऱ्या ३०४ नियतकालिकांकडे धाडला. १५७ जणांनी तो स्वीकारला, ९८ जणांनी परत केला. स्वीकारणाऱ्यांत भारतातली मंडळी भरपूर होती.

यावर आयोगानं उपाय केला तो यादीचा. २०१७ मध्ये तीस हजारांहून अधिक 'मान्य' नियतकालिकांची यादी आली. तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेली नावंही होती. त्यांतल्या १००९ नियतकालिकांची तपासणी पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संबंधित अभ्यासकांनी केली आणि २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये निष्कर्ष छापले. जेमतेम ११ टक्के निकषांना उतरली. सुमारे एक तृतीयांश तर पहिल्याच पायरीवर बाद झाली, कारण पत्ता, संकेतस्थळ, संपादकांची नावं यांसारखी साधी माहितीच नव्हती किंवा चुकीची होती. निम्म्याहून अधिकांनी खोटी माहिती दिली होती. कुणाचा आयएसएसएन चुकीचा होता, कुणी 'इम्पॅक्ट फॅक्टर'चा खोटा दावा केला होता. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगानं ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग 'केअर' नावाची नवी, चाळलेली यादी आली. तिचं काम पुण्यातूनच चाले.

'केअर'मुळे थोडा वचक बसला हे मान्य करायला हवं. पण यादीचा एक स्वभाव असतो. यादीत नाव असणं हीच मालमत्ता होते, आणि मालमत्ता म्हटली की नकली कुलमुखत्यारपत्रं तयार होतातच. जुन्या, प्रतिष्ठित, मुख्यतः कागदावर छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांची नावं आणि आयएसएसएन उचलून त्यांची तोतया संकेतस्थळं उभी राहिली. इतिहास, संस्कृत, प्राच्यविद्या या शाखांची नियतकालिकं यात सोपी शिकार ठरतात. संस्था जुनी, नाव मोठं, संगणकावर वावर कमी. अशा तोतयांची यादी 'केअर'लाच द्यावी लागली. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगानं 'केअर' यादीच बंद केली आणि दर्जा ठरवण्याचं काम निकषांच्या आधारे विद्यापीठांवर व अभ्यासकांवर सोपवलं. तत्त्वतः हे बरोबर आहे. निवाडा माणसांनीच करायचा असतो. पण इतकी वर्षं आपण माणसांना शिक्का पाहायला शिकवलं. आता अचानक मजकूर पाहा म्हटलं तर सवय कुठून आणायची?

दुसरा उपाय यंत्राचा. २०१८ च्या जुलैमध्ये आयोगानं वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. दुसऱ्याचं काम किंवा कल्पना आपली म्हणून खपवणं म्हणजे चौर्य, अशी व्याख्या त्यात नीट दिली आहे. पण पायऱ्या ठरवल्या त्या साम्याच्या टक्क्यांवर. दहा टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, मग चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि त्यापुढे अशा चढत्या शिक्षा. माझ्या टिपणाचं इंग्रजी रूप या तराजूत टाकलं तर काटा हलणारही नाही. मराठीतून इंग्रजीत गेलेला मजकूर शब्दाला शब्द जुळवणाऱ्या यंत्राला सर्वस्वी नवा दिसतो. आपल्यासारख्या मंडळांचं निम्मं काम तर छापील स्मरणिकांत आणि फोटो काढून चढवलेल्या पानांत आहे. ते यंत्राला वाचताच येत नाही. याचा अर्थ असा की मराठीत, गुजरातेत किंवा माळव्यात किंवा बेळगावात बसून केलेलं काम इंग्रजीत उचलणं ही सर्वांत सुरक्षित चोरी आहे. अहवालात साम्य शून्य टक्के, आणि उचलणाऱ्याच्या हाती नीतिमत्तेचं प्रमाणपत्र!

उचलणाऱ्याबद्दलही सांगायला हवं. मी त्यांना पत्र लिहिलं. दुसऱ्या शहरातल्या एका महाविद्यालयात ते शिकवतात. उत्तर आलं ते अजिजीचं. संकेतस्थळावरची माहिती सगळ्यांची असते अशी समजूत होती, बढतीचं प्रकरण बरीच वर्षं अडलं आहे, कृपा करून तक्रार करू नका. मी तक्रार केली नाही. हे बरोबर केलं की चूक, यावर मंडळात दोन तट आहेत. माझं म्हणणं एवढंच की त्यांना शिक्षा होण्यापेक्षा मला तो १८३९ चा आकडा दुरुस्त व्हायला हवा होता. प्रकाशननीतीवर काम करणारी कोप नावाची संस्था १९९७ पासून ब्रिटनमध्ये आहे. लेख मागे घेण्याबाबतच्या तिच्या मार्गदर्शनातही हाच भर आहे. लेख मागे घेण्याचा हेतू लेखकाला शासन करणं हा नसून ज्ञानाच्या नोंदीतली चूक सुधारणं हा आहे. पण कोपचं मार्गदर्शन पाळायला आधी कुणीतरी संपादक असावा लागतो. इथे फोनवर बोलणारा गृहस्थ होता, संपादक नव्हता.

मग मी आपल्या जुन्या मंडळींकडे वळलो. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढली, बावीस खंड. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. या लोकांना गुणांक नव्हते, पैसा तर नव्हताच. भांडणं मात्र भरपूर होती आणि भाषाही नेहमी सोज्वळ नसे. पण एक रीत होती: आधी कागद छापा, मग मत सांगा. कागद कुणाच्या दप्तरातला, हे सांगा. म्हणजे मत चुकलं तरी कागद शिल्लक राहतो आणि पुढचा माणूस ते मत मोडू शकतो. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. शके १५४९ मधली वैशाखाची तिथी रूढ होती. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली, तीत शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया निघाली. पुढे अनेक वर्षं वाद झाला तो छापील साधनांच्या आधारे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कोण काय म्हणालं आणि कशावरून, हे आजही काढून वाचता येतं. आणि गंमत पाहा, १५५१ च्या फाल्गुनाचा इसवी सन काढतानाही ७९ च मिळवावे लागतात, तेव्हा १६३० येतं. मी त्या वादावर कितीतरी वाचलं होतं. तरी स्वतःच्या पंचमीला ७८ मिळवले.

जुन्या ग्रंथांच्या शेवटी शुद्धिपत्र असे. पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. छापखान्याचे खिळे जुळवताना झालेल्या चुका असत, कधी लेखकाच्याही. ते पान पाहून ग्रंथावरचा विश्वास कमी झाला असं कुणी म्हणाल्याचं ऐकलं नाही. उलट, शुद्धिपत्र आहे म्हणजे कुणीतरी ग्रंथ छापून झाल्यावरही वाचला आहे, अशी खात्री पटते.

इथवर लिहिताना मी फिर्यादीच्या जागी होतो. आता आरोपीच्या जागी यावं लागतं.

माझी चूक मला त्या इंग्रजी लेखामुळे कळलेली नाही. त्याआधी दोन वर्षं ती मला सांगितली गेली होती. मंडळाच्या बैठकींना नेमानं येणाऱ्या आमच्या एक काकू आहेत, निवृत्त शिक्षिका, पंचांग तोंडपाठ. त्यांनी बैठक संपल्यावर मला बाजूला घेतलं. "अरे, माघ येतो तेव्हा जानेवारी उलटून गेलेला असतो ना? मग अठ्ठ्याहत्तर कसे मिळवलेस? आणि ती बाई कुठे गेली तुझ्या टिपणातून?" मी ओशाळलो. घरी आलो, संकेतस्थळ सांभाळणाऱ्या मित्राला फोन केला आणि १८३९ चं १८४० करून घेतलं. दोन वाक्यं बदलली, बाईला तिचं काम परत दिलं. दुरुस्ती कधी केली, का केली, कुणी सुचवली, यातलं एक अक्षर लिहिलं नाही. काकूंचं नावही घातलं नाही. खरं कारण हेच की चूक झाली होती हे दिसू नये असं मला वाटत होतं.

त्या मूठझाकणीची किंमत आता मोजतो आहे. इंग्रजी लेखकानं आमचं पान दुरुस्तीआधी उचललं होतं. आज बाहेरच्या माणसाला काय दिसतं? एका बाजूला आयएसएसएन असलेलं मासिक, अंक, पान क्रमांक, तारीख, आणि त्यात १८३९. दुसऱ्या बाजूला आमचं संकेतस्थळ, तारीख नसलेलं पान, आणि त्यात १८४०. आधी कोण, नंतर कोण? कोणी कुणाचं घेतलं? आमच्याकडे दाखवायला जुनी प्रतही नव्हती, कारण ती मीच पुसायला लावली होती. मित्राच्या संगणकात बैठकीपूर्वी पाठवलेली मसुद्याची फाइल सापडली म्हणून निभावलं.

तोवर चूक चालायला लागली होती. शहरातल्या एका वारसाफेरीच्या पत्रकात १८३९ आणि 'घराण्याच्या कर्त्या पुरुषानं' असं छापून आलं. एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी माहिती घ्यायला आली. तिला मी ठसा दाखवला, मिती वाचून दाखवली, मोडी नोंद दाखवली. तिला पटलं. आठवड्यानं फोन आला, "सर, मार्गदर्शक म्हणतात संकेतस्थळाचा संदर्भ चालत नाही, आयएसएसएन असलेलाच द्या." तिनं काय करावं? चूक असलेला लेख संदर्भाला चालतो, ठसा चालत नाही. दगड ग्रॅनाइटखाली गेलेला. अशानं पन्नास वर्षांनी १८३९ हेच सत्य ठरेल आणि त्यात खोटं बोललेला माणूस शोधू म्हटलं तर धड एकही सापडणार नाही. मी निष्काळजी, शिक्षक अडलेले, संपादक गैरहजर, मार्गदर्शक नियमाला बांधलेले.

म्हणून मंडळापुढे मी काही गोष्टी मांडल्या आणि त्या बहुतेकांनी मान्य केल्या. प्रत्येक टिपणावर ते प्रथम कधी चढवलं ती तारीख राहील. दुरुस्ती झाली तर जुना मजकूर पुसायचा नाही; खाली दुरुस्तीची तारीख, काय बदललं, का बदललं आणि कुणी सुचवलं हे लिहायचं. शिलालेख असेल तर ठशाचं किंवा छायाचित्राचं पूर्ण वाचन आधी, आपलं अनुमान नंतर, म्हणजे वाचणाऱ्याला दोन्ही वेगळे दिसतील. ज्या घरातून कागद मिळाला त्या घराला विचारून, त्यांची हरकत नसेल तर, नाव द्यायचं. माहिती सांगणाऱ्याचं नावही त्याच्या परवानगीनं. आणि टिपण चढवण्यापूर्वी मंडळातल्या निदान एकानं ते शत्रूच्या नजरेनं वाचायचं. माझं टिपण काकूंनी आधी वाचलं असतं तर हा लेखच लिहावा लागला नसता.

एका सभासदांनी विचारलं की आपणही आयएसएसएन का घेऊ नये. घ्यावा, माझी हरकत नाही. नंबरप्लेट असली की गाडी शोधायला सोपी जाते. फक्त नंबर मिळाला म्हणून गाडी चालवायला येते असं आपणच समजू लागलो, तर मी ज्या मासिकाला नावं ठेवतोय त्याच्या पंगतीला बसायला वेळ लागणार नाही. आपलं नाव आणि आपला क्रमांक उचलून उद्या कुणी तोतया उभा राहिला तर त्याला खोटं पाडायला आपल्याजवळ काय असेल? आपली जुनी, तारखा घातलेली, दुरुस्त्या दाखवणारी पानं. दुसरं काही नाही.

त्या शिक्षकांना मी पुन्हा पत्र लिहिलं. ठशाची प्रत आणि मिती काढण्याची रीत सोबत जोडली. पुढे कधी या विषयावर लिहिलंत तर एवढा आकडा बदला, माझं नाव घाला अथवा न घाला, असं कळवलं. अजून उत्तर नाही. विद्यार्थिनीनं प्रकल्पात दोन्ही संदर्भ दिले आणि तळटीपेत दोघांतला फरक सांगितला. मार्गदर्शकांनी ती टीप राहू दिली. सध्या तरी १८४० ची छापील नोंद म्हणाल तर तेवढीच.

आपल्या बाजूनं जे तेव्हाच करायला हवं होतं ते आता करतो. काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाव नको, 'एका सभासद भगिनीनं' एवढं पुरे. त्या बाईचं काम तिला मिळालं म्हणजे झालं. मूळ टिपणाच्या पानावर, मथळ्याच्या लगेच खाली, पुढचा मजकूर चढवला आहे:

शुद्धिपत्र. या टिपणात प्रथम 'इ. स. १८३९' असं छापलं होतं, तिथे 'इ. स. १८४०, फेब्रुवारी' असं वाचावं. माघातल्या तिथीला ७८ मिळवल्यामुळे ही चूक झाली. ती लेखकाची आहे. 'कर्त्या पुरुषानं जीर्णोद्धार केला' याऐवजी 'त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीनं जीर्णोद्धार केला, असं मिती आणि घरातली मोडी नोंद यांवरून दिसतं' असं वाचावं. चूक मंडळाच्या एका सभासद भगिनीनं दाखवून दिली. यापूर्वी हा बदल न सांगता करण्यात आला होता, त्याबद्दल लेखक दिलगीर आहे.